शून्यावरचा पाहुणा

...नाही, मी म्हणतो, मोजायचं तर मोजायचं, पण शून्यापासून का मोजायचं? आँ? तुम्ही बाजारात वांगी घेता, कधी म्हणता का, हे शून्यावं वांगं, हे पहिलं, हे दुसरं? मुलगा झाला तर शून्यावा झाला म्हणून पेढे वाटता? मी सगळा जन्म वर्ध्याच्या कॉलेजात गणित शिकवलं हो, गणितात पीएच.डी. केली, माझा प्रबंध विद्यापीठाच्या वाचनालयात आहे, म्हणजे असावा, मी गेलो होतो बघायला तेव्हा कपाटाची किल्ली सापडत नव्हती... आणि निवृत्तीनंतर मला कोण सांगतं, तर कॉम्प्युटर क्लासच्या सपना मॅडम. वय किती, तर माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींपेक्षा लहान. "सर, झिरोपासून मोजा नं सर. नेहमी झिरोपासून." शून्यापासून! मला!

आता तुम्ही विचाराल, या वयात कॉम्प्युटरच्या क्लासला गेलातच कशाला? बरोबर आहे. मीही स्वतःला हेच विचारतो, रोज, आंघोळीच्या वेळी. त्याचं असं आहे, की आमच्या सुरभीचं जमलं. एम.एस्सी. झालेली मुलगी, बोलायला स्पष्ट, स्थळं यायची, पोहे खायची आणि जायची, पण आर्वीचा प्रफुल आला आणि मुलगी पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, हा चालेल." चालेल म्हणाली हो! घरात आम्ही दोघं नवराबायको दोन दिवस कुजबुजत बोलत होतो, मोठ्यानं बोललो तर मोडेल म्हणून. प्रफुलचे वडील बंडूजी, आर्वीत त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान, माणूस चांगला, पण मानाचा भारी कडक. एका लग्नात त्यांच्या आधी दुसऱ्याला मानाची टोपी घातली म्हणून वाढलेल्या पानावरून उठून आर्वीला निघून गेलेला माणूस!

आणि आमच्याकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, म्हटलं की एक भानगड असतेच. माईकवरून एकेका पाहुण्याचं नाव पुकारायचं, तो मंचावर येणार, त्याला दुपट्टा, टोपी आणि नारळ द्यायचा. पहिला मान मुलाच्या वडिलांचा, मग त्यांचे भाऊ, मामा, जावई, असं उतरत उतरत यायचं. एक नाव पुढं-मागं झालं की संपलं. आणि माईकवर कोण? भैय्याजी. माझे मेहुणे. दुसऱ्या कुणाला माईक दिला तर ते रुसतात. आणि त्यांना कागद दिला तर वाचता वाचता दोन ओळी गाळतात आणि स्वतःच्या मनाच्या चार घालतात. म्हणून मी, मूर्ख, अतिशहाणा, मी म्हणालो, हे काम यंत्रानं करायचं. यंत्र पडद्यावर एका वेळी एकच नाव दाखवेल, भैय्याजी तेवढंच वाचतील, बटण दाबतील, पुढचं नाव. गाळायला जागाच नाही!

प्रमिलाबाई, म्हणजे आमची ही, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अवं, मोठ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिवा नं. त्याले कायले पायजे कॉम्प्युटर?" मी हसलो. शिकलेला माणूस ज्या वेळी हसतो ना, त्याच वेळी त्याला आवरायला हवं.

तर क्लास. सायकलच्या दुकानावर माडी, जिन्यात तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, भिंतीला हात लावायची सोय नाही. शी! वरती सहा कॉम्प्युटर, त्यातले चालू दोन, आणि ते की-बोर्ड... आदल्या मुलानं समोसा खाल्लेले हात तसेच फिरवलेले, 'ए' दाबला की वर यायलाच तयार नाही, तेलानं तिथंच चिकटून बसलेला. माउस उलटा केला तर पोटात एक गोळी, आणि त्या गोळीवर साऱ्या वर्धा शहराचा मळ. मी रुमालानं पुसायला गेलो तर सपना मॅडम म्हणाल्या, "राहू द्या सर, मळ काढला का मग तो जास्तच पळते."

त्यांनी मला जावास्क्रिप्ट शिकवलं. नाव ऐकून वाटतं काहीतरी नाटकाचं असेल. नाही. त्या म्हणाल्या, सर, अ‍ॅरे म्हणजे रांग. म्हटलं, कळलं. पंगत. त्या म्हणाल्या, हो, पंगत, आणि पंगतीत बसलेला एकेक माणूस म्हणजे ऑब्जेक्ट. मी पेन खाली ठेवलं. "मॅडम, माझे व्याही आहेत हो ते! ऑब्जेक्ट काय? वस्तू?" "हो सर, सगळे ऑब्जेक्टच असते." बरं, ऑब्जेक्ट म्हणजे काय, तर महिरपी कंस उघडायचा, आत नाव, गाव, नातं लिहायचं आणि कंस बंद करायचा. म्हणजे बंडूजींना कंसात घातलं, त्यांच्या भावाला दुसऱ्या कंसात, मामाला तिसऱ्या. मध्ये स्वल्पविराम. शेवटच्या माणसानंतर स्वल्पविराम राहिला, तर ज्यात हे सगळं चालतं तो ब्राउझर खालच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण दाखवतो आणि गप्प बसतो. काय चुकलं ते सांगत नाही! नुसता त्रिकोण! मी परीक्षक असताना मुलांच्या पेपरात निदान लाल रेघ तरी मारत होतो.

मग लूप. लूप म्हणजे पंगतीत वाढपी कसा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो, तसा तो एकेका ऑब्जेक्टपाशी जातो. त्या वाढप्याचं नाव काय, तर आय. अहो, आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ! काल्पनिक संख्या! हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, आणि इथं तो आय भात वाढत फिरतोय. मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, समजून नका घेऊ, पाठ करा." पाठ करा! माझ्या तोंडावर! मी ज्या वाक्यासाठी आयुष्यभर मुलांना वर्गाबाहेर काढलं, ते वाक्य!

केलं पाठ. सगळी नावं कंसात घातली, लूप लिहिला, बटण दाबलं. पडद्यावर काय आलं असेल? सांगा. बंडूजी? नाही. ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट. ओके दाबलं. ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट. पुन्हा ओके. ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट! मुलाकडची अख्खी मंडळी, मामा-मावश्यांसकट, सगळे ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट! आणि शेजारी प्रत्येकाला उद्गारचिन्हाचा पिवळा त्रिकोण, रस्त्यावर 'पुढे धोका आहे' म्हणून लावतात ना, तसा. मॅडम म्हणाल्या, "सर, नुसता माणूस नाही मागायचा. माणसाचं नाव मागायचं, टिंब देऊन." मागितलं. टिंब दिलं. तर आता नावं यायला लागली, पण बंडूजीच गायब! सुरुवातच त्यांच्या भावापासून! कारण काय? मी एकपासून मोजलं होतं. शहाण्या माणसासारखं. "सर, पहिला माणूस झिरोवर असते नं. झिरोपासून, सर, झिरोपासून!"

केलं शून्य. पण त्या गडबडीत आयला पुढं सरकवणारी दोन अधिक चिन्हं राहिली. मग काय झालं म्हणता? बंडूजी. ओके. बंडूजी. ओके. बंडूजी! दाबतोय, दाबतोय, बंडूजी काही हलेनात! वाढपी पहिल्या पानाशीच उभा, वाढतोय, वाढतोय... खिडकी बंद होईना, संगणक बंद होईना, शेवटी मॅडमनी भिंतीतली पिनच उपटली. "सर, असा व्याही असन तर लग्नाआधी विचार करा," म्हणाल्या आणि हसल्या. क्लासमधली सगळी पोरं हसली. मीही हसलो. काय करणार?

पण खरी किळस मला कशाची आली सांगतो. घरी आलो, जेवायला बसलो आणि ताट पुढं सारलं. बंडूजी शून्यावर! मुलाचा बाप, मानाचा पहिला पाहुणा, आणि मी, मुलीचा बाप, त्याला शून्य नंबर देतो? उद्या कुणी सांगितलं त्यांना, की तुमच्या व्याह्यानं तुम्हाला शून्यात काढलं, तर? मला ते सहन होईना. मग मी युक्ती केली. स्वतःच केली, मॅडमना विचारलंसुद्धा नाही. शून्याच्या जागेवर एक खोटा पाहुणा बसवला. नाव: कोणीतरी. गाव: कुठलंतरी. नातं: काहीतरी. बंडूजींना सन्मानानं एकवर आणलं आणि लूप एकपासून सुरू केला. तो कोणीतरी बिचारा शून्यावर गप्प बसून राहणार, त्याला कोणी बोलावणार नाही. चालवून पाहिलं. बंडूजी, त्यांचे भाऊ, मामा, जावई... शेवटी भैय्याजी. एकही चूक नाही! तुम्हाला सांगतो, प्रबंध मान्य झाला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

तिथंच थांबायचं ना? पण माझा स्वभाव! दारं लावून झोपायला गेलो तरी तीनदा उठून कडी बघणारा माणूस मी. साक्षगंधाच्या सकाळी कार्यालयात पोचलो, क्लासचा कॉम्प्युटर ऑटोतून आणून माईकशेजारी मांडला, आणि मनात आलं, अरे, मी एक लिहिलंय की शून्य? उघडून बघितलं. एक. आणि कानात ती बाई बोलायला लागली. "झिरोपासून, सर, नेहमी झिरोपासून." नेहमी! म्हणजे माझं एक चुकलंच असणार. मॅडमला रोज शिकवायचंय, तिला कळतं, मला काय कळतं? मी एक खोडला, शून्य केला, फाइल जतन केली... आणि वीज गेली. जनरेटरवाला चहाला गेलेला. तो येईपर्यंत पाहुणे आले. चालवून बघायला वेळच नाही मिळाला हो!

आता बघा. कार्यालय भरलेलं, पहिल्या सोफ्यावर बंडूजी, पांढरा कडक कुर्ता, शेजारी प्रफुल. मंचावर सुरभी, मोरपंखी साडी. प्रमिलाबाईच्या हातात ताट, दुपट्टे मोजून, एका नावाला एक, वर एकच जादा. भैय्याजींनी माईकला फुंकर मारली, बटण दाबलं. बंडूजींनी कुर्ता सारखा केला आणि सोफ्यावरून अर्धे उठले. उठलेच होते हो, गुडघे सरळ व्हायचे बाकी होते...

"तं आता आपले पहिले मानकरी... श्रीमान कोणीतरी! राहणार कुठलंतरी! नातं, काहीतरी! त्यायनं मंचावर यावं!"

बंडूजी तिथंच थांबले. ना उठलेले ना बसलेले. मी खांबाआडून हात हलवतोय, नाही नाही, पुढचं, पुढचं! भैय्याजी माझ्याकडे बघून मान डोलावतात आणि आणखी जोरात पुकारतात. नंतर विचारलं, अहो, तुम्हाला शंका नाही आली? तर म्हणाले, "भाऊजी, तुमी एवढे शिकलेले. तुमी लिवलं म्हंजे काही समजूनच लिवलं असन!"

तीनदा पुकारलं. आणि मागून, पार मागून, चपला ठेवतात तिथून आवाज आला. "येतो, बाप्पा, येतो." आंजीचे बापूजी. आमच्या सासऱ्यांच्या गावचे, नात्यात कुठं बसतात ते कुणालाच नक्की माहीत नाही, पण समाजाच्या एकूण एक कार्याला हजर. धोतर, काखेत छत्री. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत आले, मंचावर चढले, प्रमिलाबाईपुढं मान वाकवली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खांबाकडं पाहिलं. तिनं घातला दुपट्टा, दिली टोपी, दिला नारळ. आणि बापूजींनी भैय्याजींच्या हातातला माईक घेतला.

"मी समाजाच्या कार्याले कवाचा येऊन राह्यलो, पन आजवर कोनं मले माईकवर बलावलं नाई. आता कोणीतरी म्हटलं, त म्या मागंपुढं पाह्यलं. कोनी उठेना. मंग म्हटलं, कोणीतरी म्हंजे आपूनच! दुसरं कोन असन? आपल्याले नावानं कोन वयखते?"

टाळ्या! बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आता तुम्हीच सांगा, त्या माणसाच्या हातातला नारळ परत मागायचा कसा?

भैय्याजींनी ओके दाबलं. "आता श्रीमान बंडूजी, राहणार आर्वी!" बंडूजी बसले. खाली. पूर्ण. पाठ टेकून. "पहिले कोन, थे पाह्यलं आमी. चाल गा प्रफुल. दुपारची यष्टी भेटन आर्वीची." आणि उठले, ते मंचाकडं नाही, दाराकडं! प्रफुल उभा राहिला, एकदा बापाकडं बघतोय, एकदा मंचाकडं. मी सुरभीकडं पाहिलं. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याकडं बघत होती, लहानपणी मी भागाकार समजावून सांगायला लागलो की बघायची, तशी. की बाबा, तुम्ही करताय ना नीट?

मी धावलो. बंडूजींना दारात गाठलं. आणि काय केलं असेल? पाया पडलो? नाही. मी त्यांना अ‍ॅरे समजावून सांगायला लागलो! "अहो बंडूजी, तुम्हीच पहिले! तो शून्यावर होता. शून्याला काही किंमत नसते हो!"

"किंमत नाई, त त्याले नारळ काऊन देला?"

आता या प्रश्नाला गणितात उत्तर आहे का? मी म्हटलं, "त्याला बोलवायचंच नव्हतं. मोजणी शून्यापासून सुरू होते म्हणून..."

"म्हंजे सुरुवात शून्यापासून होते?"

"हो."

"मंग मले तिथून काऊन उठवलं?"

"अहो, तुमचा अपमान नको म्हणून!"

बंडूजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं दुकानात फुटका हंडा परत आणणाऱ्या गिऱ्हाईकाकडं बघत असतील. "सर, ज्याले पहिले बलावते, तो पहिला. तुमच्या पोथीत त्याले शून्य म्हनत असन, त आमाले शून्य पायजे. बसवा मले शून्यावर. नाईतं ही यष्टी काही चुकत नाई."

मागून सुरभीचा आवाज. मंचावरून, साक्षगंधाची नवरी, मोठ्यानं! "बाबा, पहिल्यापासून चालवा ना! मी ओके दाबते!" कारण तो लूप मध्ये थांबत नाही हो, अर्ध्यावरून परत येत नाही, शेवटच्या माणसापर्यंत गेल्याशिवाय सोडतच नाही. मग माझी पोरगी मेंदीच्या हातानं एंटर दाबत बसली, मामा गेले, जावई गेले, सगळा गोतावळा पडद्यावरून सटासटा गेला. आणि मी, साऱ्या समाजासमोर, चिकटलेल्या 'ए'शी झटापट करत, शून्यावरचा कोणीतरी खोडला आणि तिथं बंडूजी लिहिले. आणि घाईत, देवा, एकवरचे बंडूजी तसेच राहिले!

"श्रीमान बंडूजी, राहणार आर्वी!" आले. प्रमिलाबाईनं दुपट्टा घातला, नारळ दिला. टाळ्या. मी श्वास सोडला. भैय्याजींनी ओके दाबलं.

"श्रीमान बंडूजी, राहणार आर्वी!"

माझे डोळे मिटले. संपलं, म्हटलं. आता ही थट्टा वाटणार. मग हळूच एक डोळा उघडला, तर बंडूजी मंचाच्या पायरीवरून वळले होते. परत वर चढले. टोपीवर टोपी घेतली, आणि दुसरा नारळ छातीशी धरून म्हणाले, "हा माह्या वडलायच्या नावाचा. बराबर केलं सर. गेलेल्या मान्साचा मान कोन ध्यानात ठेवते आजकाल?"

हसले! बंडूजी हसले! प्रफुल धपकन खाली बसला, सुरभीनं तोंडाला रुमाल लावला, आणि लोक मला येऊन म्हणाले, वा सर, काय योजना, काय डोकं!

पुढचं सगळं सुरळीत. म्हणजे, दुपट्टे मोजून आणलेले, जादाचा एक बापूजींना गेला, एक बंडूजींच्या वडिलांना, त्यामुळं शेवटी भैय्याजींनी स्वतःचंच नाव माईकवर पुकारलं, स्वतःच माईक खाली ठेवला, केस सारखे करून मंचावर आले, मान वाकवली... आणि ताट रिकामं. ते वाकलेलेच राहिले बराच वेळ. माझ्या मेहुण्यांनी त्या दिवसापासून आमच्याकडं पाणी घेतलं नाही. लग्नात माईक पुन्हा त्यांच्याच हातात द्यायचं कबूल केलं, तेव्हा चहा घेतला. बिनसाखरेचा.

सुरभीचं लग्न झालं. चांगलं झालं. पत्रिका पाठवताना प्रमिलाबाईला बापूजींचं आडनाव काही केल्या आठवेना, मलाही माहीत नाही. ती म्हणाली, आता थांबायचं कोन, आणि सरळ लिहून टाकलं, 'श्री. कोणीतरी, आंजी (मोठी)'. तुम्हाला सांगतो, पत्रिका दुसऱ्या दिवशी बापूजींच्या हातात! लग्नाला आले, तोच दुपट्टा घालून, पहिल्या रांगेत बसले आणि कुणीही उठवलं नाही.

आणि मी? परवा सपना मॅडम बाजारात भेटल्या. म्हणाल्या, सर, तुमचं क्लासचं सर्टिफिकेट पोस्टानं पाठवलं होतं, पूर्ण नाव, पुढं पीएच.डी., घर नंबर, पिनकोड, सगळं घालून. परत आलं. पिशवीतून लखोटा काढून दाखवला. वर पोस्टमननं लाल शाईनं लिहिलेलं, 'या नावाचे येथे कोणी नाही.'

घेतला. घडी करून खिशात घातला. मॅडम म्हणाल्या, "वाईट नका वाटून घेऊ सर." मी म्हटलं, नाही हो, वाईट कसलं? शून्यावर कोण बसतं आणि मोजायचं कुठून, ते आता कळलं.